‘पंख फुटणे’ आणि उडणे : गोडदेव येथील घारीच्या पिल्लांच्या निमित्ताने

मराठीत ज्या वाक्प्रचारांचा अर्थ कोणासही विचारावा लागत नाही, त्यांपैकी ‘पंख फुटणे’ हा एक होय. मुलगा नोकरीस लागला, वेगळे बिऱ्हाड करण्याची भाषा बोलू लागला, म्हणजे त्याला पंख फुटले असे घरची वडील माणसे म्हणतात. आणि त्या म्हणण्यात थोडा अभिमान व बरीचशी तक्रार असते. पंख फुटले की पाखरू उडते, आणि उडाले की ते आईबापांचे राहत नाही, अशा दोन समजुती ह्या वाक्प्रचारात गृहीत धरलेल्या आहेत. पक्ष्यांच्या बाबतीत, निदान घारीच्या बाबतीत, ह्या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, हे प्रस्तुत लेखकास भाईंदर पूर्वेकडील गोडदेव येथे एका घरट्याच्या शेजारी काढलेल्या दोन हंगामांत कळून आले. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने घारीच्या घरट्याविषयी लिहावे हे काहींस विचित्र वाटेल. त्याचे कारण एवढेच की, ह्या प्रकरणात एका पिल्लाचा जीव एका क्रियापदापायी गेला, आणि ते क्रियापद प्रस्तुत लेखकाच्याच तोंडून निघाले होते.

गोडदेव हे मूळचे आगरी वस्तीचे गाव. मीरा-भाईंदरच्या पट्ट्यातील इतर गावांप्रमाणेच येथेही भातशेती, मिठागरे आणि खाजण ह्यांच्या आधाराने लोक राहत. १९८५ साली ह्या भागास नगरपरिषद मिळाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि रेल्वेच्या सोयीमुळे पाहता पाहता शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. घारीस मात्र ह्या स्थित्यंतराने फारसे बिघडल्यासारखे दिसत नाही. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा किनारा व तेथे वाळत घातलेली मासळी, मध्ये कोंबडी-मटणाची दुकाने, मासळीबाजार आणि कचऱ्याचे ढीग. घारीच्या पोटापाण्याची व्यवस्था जितकी खेड्यात होती, त्याहून शहरात अधिक झाली आहे. उणीव आहे ती उंच व पसरट झाडांची. गावठाणालगतच्या एका लहानशा बागेत एक जुना पर्जन्यवृक्ष उरला आहे. त्याच्या वरच्या बेचक्यात घारींचे एक जोडपे घरटे करते, आणि ते प्रस्तुत लेखकाच्या सज्जातून समोर दिसते.

२०२३ च्या मार्च महिन्यात एके दुपारी त्या घरट्यातील पिल्लू खाली, उभ्या केलेल्या मोटारींच्या मधल्या जागेत आले. सज्जातून ते प्रथम प्रस्तुत लेखकास दिसले, आणि ‘अहो, घारीचे पिल्लू पडले!’ असे त्याने मोठ्याने सांगितले. एवढे पुरे झाले. पडलेल्यास उचलावयाचे असते हे कोणास शिकवावे लागत नाही. दहा मिनिटांत खोका आला, फडके आले, आणि पिल्लू एका सद्गृहस्थांच्या घरात नेण्यात आले. त्याला दुधात बुडविलेला पाव भरविण्यात आला, चोच उघडून पाणी ओतण्यात आले. दोन दिवस नर-मादी इमारतीभोवती ओरडत फिरत होती. तिचे दुःख पाहून काही जणांच्या डोळ्यांत पाणीही आले, पण ती कशासाठी ओरडत आहे ह्याचा विचार कोणी केला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू मेले. त्याच्या पंखास, पायास कोठेही इजा झालेली नव्हती. ते पडलेले नव्हतेच. ते उतरले होते. उतरण्याची कला अद्याप पुरती साधली नव्हती, एवढाच त्याचा दोष.

ह्या घटनेने मन अस्वस्थ झाल्यामुळे पुढील हंगामात सारा क्रम आरंभापासून पाहावयाचा असे ठरविले. पुढील विवेचन मुख्यतः त्या निरीक्षणावर आधारलेले आहे. त्यास पक्षिशास्त्रज्ञांच्या लेखनाची जोड दिली आहे.

प्रथम पक्ष्याविषयी थोडेसे. येथे ज्या घारीचा विचार केला आहे ती आपली नेहमीची, तपकिरी अंगाची, दुभंगलेल्या शेपटीची घार होय. तांबूस पाठीची व पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार किंवा लहानखुरी कापशी घार नव्हे. शास्त्रीय परिभाषेत तिला ‘मिल्व्हस मायग्रान्स’ म्हणतात. आपल्याकडील उपजातीस ‘गोविंदा’ हे नाव कर्नल साइक्स ह्याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध करताना दिले. तेव्हा ह्या पक्ष्याचे शास्त्रीय नामकरण महाराष्ट्रातील निरीक्षणावरून झाले आहे, ही गोष्ट आपल्या लक्षात असावी. अमरकोशात घारीस ‘आतायी’ व ‘चिल्ल’ अशी नावे आहेत. पैकी चिल्लाचे रूप हिंदीत ‘चील’ म्हणून चालू आहे, मराठीने मात्र ‘घार’ हा निराळा शब्द धरून ठेवला. शिकारी पक्ष्यांच्या मराठी नावांत एक मौजेचा भेद दिसतो. जे पक्षी हातावर बसवून त्यांच्याकडून शिकार करवीत, त्यांची नावे बहुधा दरबारी वाटेने, फारसी-अरबीतून आली आहेत. शिक्रा हा त्यातलाच, आणि ‘बहिरी ससाणा’ हाही. ह्या बहिरीचा बहिरेपणाशी काही संबंध नाही. समुद्राचा तो ‘बहरी’, असे ते अरबी विशेषण आहे. घारीस कोणी हातावर बसविले नाही. त्यामुळे तिचे नाव दरबारात गेले नाही व दरबाराचे नाव तिला चिकटले नाही. ती अंगणातच राहिली.

‘घारे डोळे’ ह्या प्रयोगावरून घारीचा डोळा फिकट असावा असे सहज वाटते. आपल्याकडील घारीचा डोळा गडद तपकिरी असतो, हे कोणासही साध्या दुर्बिणीने पाहता येईल. शब्दसाम्यावरून वस्तूविषयी अनुमान काढू नये, ह्याचे हे एक लहानसे उदाहरण.

शहरातील बागेत बसून शिकारी पक्ष्यांची पिल्ले उडताना पाहणे हा काही नवा छंद नव्हे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसमोर, ९२७ फिफ्थ ॲव्हेन्यू ह्या इमारतीच्या कंगोऱ्यावर, १९९० नंतरच्या दशकात तांबड्या शेपटीच्या ससाण्यांच्या एका जोडप्याने घरटे केले. त्यातील फिकट रंगाच्या नरास लोकांनी ‘पेल मेल’ असे नाव ठेवले. दरवर्षी पिल्ले उडण्याचा काळ जवळ आला की बागेतील तळ्याकाठी दुर्बिणी घेऊन लोक जमत. मेरी विन ह्या लेखिकेने १९९८ साली त्या ससाण्यांवर एक पुस्तकच लिहिले. डिसेंबर २००४ मध्ये इमारतीच्या व्यवस्थापकांनी ते घरटे काढून टाकले, तेव्हा नागरिकांनी रस्त्यावर उभे राहून निषेध केला, आणि त्याच महिन्यात घरट्याचा आधार पुन्हा बसविणे व्यवस्थापकांस भाग पडले. हा ससाणा आपल्या देशात आढळत नाही. परंतु त्याची गरजही नाही. न्यूयॉर्ककरांस जो पक्षी नवलाचा वाटला, त्याच्या तोडीचा पक्षी आपल्या शहरांत इतका विपुल आहे की त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. दिल्लीविषयी गालुशिन ह्या रशियन शास्त्रज्ञाचा जो निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला, त्यात तेथील घारींची दाटी दर चौरस किलोमीटरला सुमारे सोळा जोड्या इतकी सांगितली आहे. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत हा आकडा असामान्य होय.

आता घरट्याकडे वळू. २०२३ च्या डिसेंबरात जोडप्याने जुन्या घरट्याची डागडुजी सुरू केली. काटक्यांबरोबर चिंध्या, सुतळी, तारेचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या ह्यांचाही तीत समावेश होता. ह्यास आपण कचरा म्हणू. पण दक्षिण स्पेनमधील घारींवरील जे संशोधन २०११ साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्यात पांढरे प्लास्टिक हे इतर घारींस दिलेल्या इशाऱ्याचे काम करते, आणि सशक्त जोडपीच ते अधिक लावतात, असे दाखविले आहे. म्हणजे ती एक प्रकारची दारावरची पाटीच म्हणावयाची. महिनाअखेर मादी घरट्यात बसून राहू लागली. घारीची अंडी उबण्यास सुमारे एक महिना लागतो, आणि ह्या काळात बहुतेक वेळ मादी बसते व नर अन्न आणतो. मध्येच संक्रांत आली. घारीच्या वर्षातील हा सर्वांत वाईट आठवडा. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये बंदी घातली आहे. तथापि बागेतील झाडांवर त्या मांज्याच्या जाळ्या लोंबत होत्या. नर ह्या दिवसांत जायबंदी झाला तर मादीस अंडी सोडून अन्नासाठी जावे लागते, आणि तेवढ्यात कावळे आपले काम उरकतात. मांज्याने जखमी झालेल्या घारींवर उपचार करणाऱ्या दिल्लीच्या दोन भावांवरील ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा अनुबोधपट २०२२ साली निघाला. तो ज्यांनी पाहिला असेल त्यांस ह्या जखमांचे स्वरूप वेगळे सांगण्याचे कारण नाही. आमच्या जोडप्यातील नर सुखरूप राहिला.

जानेवारीच्या शेवटच्या दिवसांत पिल्ले दिसली. ती दोन होती, व एक दुसऱ्याहून उघड उघड मोठे होते. पहिले अंडे घालताच मादी उबवू लागते. त्यामुळे पिल्ले एकाच दिवशी जन्मत नाहीत, आणि वडील भावंडास तीनचार दिवसांची जी आघाडी मिळते ती घास घेताना त्याच्या उपयोगी पडते. अन्न अपुरे पडले तर धाकट्याची उपासमार होते, प्रसंगी ते मरते. ह्या वर्षी अन्नाची वाण नव्हती.

आता शब्दांचा प्रश्न येतो. पिल्लाच्या अंगावर प्रथम असते ती लव. फेब्रुवारीच्या मध्यास लवेतून गडद रंगाच्या नळ्या डोकावू लागल्या, आणि आठवडाभरात त्यांची टोके उलगडून पिसे दिसू लागली. पंख फुटतात ते ह्या दिवसांत, आणि येथे ‘फुटणे’ हे क्रियापद फार नेमके आहे. मराठीत कोंब फुटतो, पालवी फुटते, कंठ फुटतो, मिसरूड फुटते, आईला पान्हा फुटतो, पूर्वेस तांबडे फुटते. आत असलेले काहीतरी आपल्या वेळेस, कोणी काही न करता, बाहेर येणे असा ह्या सर्व प्रयोगांचा समान अर्थ आहे. ज्याला फुटते त्याचे त्यात कर्तृत्व नसते, म्हणून तो चतुर्थीत राहतो. पिल्लू पंख फोडीत नाही, पिल्लाला पंख फुटतात. पिसांच्या बाबतीत हे वर्णन यथार्थ आहे. पिसे यावयाची त्या दिवशी येतात. पिल्लाने आळस केला तरी येतात.

चूक होते ती पुढच्या पावलात. पंख फुटणे आणि उडणे ह्या दोन गोष्टींत आपली भाषा अंतर ठेवीत नाही. वाक्प्रचारात तर पहिली घडली की दुसरी घडलीच असे धरले जाते. वस्तुतः ह्या दोहोंच्या मध्ये कित्येक दिवसांची मेहनत असते, आणि तिच्यासाठी आपल्याजवळ एका शब्दाचे नाव नाही. संस्कृतात ‘अजातपक्ष’ व ‘जातपक्ष’ अशी जोडी आहे. तीही पंख नसणे व असणे एवढेच सांगते. इंग्रजीत ‘फ्लेज’ हे क्रियापद पिल्लाने घरटे सोडण्याच्या क्रियेस लावतात, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या जुन्या विशेषणाचा अर्थ ‘उडण्याजोगा झालेला’ असा होता. तेथेही पिसे येणे व उडता येणे ह्यांची मिसळच झालेली आहे. ह्या गोष्टीचे सर्वांत स्वच्छ विधान प्रस्तुत लेखकास कोणत्याही कोशात नव्हे, तर बागेच्या फाटकाशी भाजी घेऊन बसणाऱ्या एका आगरी आजीबाईंकडून मिळाले. मार्चच्या आरंभी त्यांस सहज विचारले, “आजी, आता पिल्लांना पंख फुटले ना?” त्यांनी वर न पाहताच उत्तर दिले, “पंख फुटलं रं बाबा, पन उराला कलतंय कुठं आजून?” आगरी बोलीत प्रमाण मराठीतील ‘ड’काराचा ‘र’ होतो, ‘ळ’काराचा ‘ल’ व ‘ण’काराचा ‘न’, ‘उडायला कळतंय कुठं’ असे ते वाक्य आहे. उडणे ही कळावयाची गोष्ट आहे, फुटावयाची नव्हे, हा भेद त्यांनी एका वाक्यात केला.

हे कळणे कसे होते ते पाहण्यासारखे असते. प्रथम पिल्लू घरट्याच्या काठावर उभे राहून वाऱ्याकडे तोंड करते व पंख मारते. काटक्या पायांनी घट्ट धरलेल्या असतात. जणू उडण्याची भीती उडण्याच्या इच्छेहून अधिक असावी. चार दिवसांनी पाय सुटू लागतात, व पिल्लू वीतभर वर उचलले जाऊन पुन्हा त्याच जागी येते. १२ मार्चला मोठे पिल्लू घरटे सोडून शेजारच्या फांदीवर गेले. येथपासून ते घरट्यातले राहिले नाही आणि आकाशातलेही झाले नाही. ते फांद्यांचे झाले. चालत, उड्या मारत, पंखांनी तोल सावरत ते ह्या फांदीवरून त्या फांदीवर फिरे, आणि खाण्यासाठी मात्र घरट्यात परत येई. पर्जन्यवृक्षासारख्या पसरट झाडावर ह्या अवस्थेस वाव असतो. मुंबईच्या आसमंतात घारी माडावरही घरटी करतात, आणि माडास फांद्याच नाहीत. तेथील पिल्लास शेंड्यावरून एकदम पोकळीत पाऊल टाकावे लागते. खाली सापडणारी पिल्ले प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात तरी माडांखालीच अधिक आढळली. शहरातील जुनी, आडव्या फांद्यांची झाडे तोडून त्यांच्या जागी शोभेचे माड लावणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

१८ मार्चला सकाळी साडेदहाच्या सुमारास, ऊन तापून जमिनीवरील हवा वर चढू लागली असता, मोठे पिल्लू उडाले. ह्या क्षणाची आपण जितकी वाट पाहिलेली असते, तितका तो क्षण भव्य नसतो. समोरच्या इमारतीच्या गच्चीपर्यंतचे अंतर त्याने सरळ रेषेत काटले. उडणे साधले होते. साधले नव्हते ते थांबणे. मोठ्या पक्ष्यास टेकण्यापूर्वी वेग मारावा लागतो, शेपटी पसरावी लागते, अंग उभे करून पंखांनी हवा अडवावी लागते, आणि हे सर्व योग्य क्षणी करावे लागते. पिल्लाने ते दोन हात अगोदर केले, आणि ते पाण्याच्या टाकीवर छातीने आदळले. मग पिसे नीट करून, काही घडलेच नाही अशा मुद्रेने ते बसून राहिले. पहिल्या उड्डाणांतील बहुतेक अपघात हे उडण्याचे नसून उतरण्याचे असतात. खिडकीच्या जाळीवर, तारांवर, मोटारींच्या टपावर आणि सरतेशेवटी जमिनीवर पिल्ले सापडतात ती ह्यामुळे. जमिनीवरून थेट उभे उड्डाण करण्याचे बळ नव्या पंखांत नसते. त्यास कुंपण, बाक, खालची फांदी अशा पायऱ्या लागतात, आणि त्या सापडेपर्यंत ते एका जागी निमूट बसते. ह्या निमूटपणास आपण आजारपण समजतो.

त्यानंतरचा महिना हा ह्या साऱ्या निरीक्षणाचा गाभा होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वाक्प्रचाराप्रमाणे पाहता येथे कथा संपावयास हवी होती. पिल्लू उडाले, आता त्याचा व आईबापांचा संबंध तुटला. प्रत्यक्षात दोन्ही पिल्ले दिवसातून अनेकदा त्याच झाडावर परतत, आणि नर किंवा मादी अन्न घेऊन येताना दिसली की कंपित, लांबलेल्या आवाजात ओरडून ती मागत. अन्न प्रथम घरट्यातच ठेवले जाई. पुढे कोणत्याही फांदीवर दिले जाई. दरम्यान पिल्लांचा अभ्यास चालू असे. वाळलेले पान किंवा काटकी पायात धरून वर न्यावयाची, सोडावयाची, आणि ती खाली पोहोचण्यापूर्वी सूर मारून पुन्हा पकडावयाची, हा त्यांचा खेळ तासन् तास चाले. घार उडता उडता पायातील घास चोचीशी नेऊन खाते, ही तिची खास लकब. तिचाही सराव ह्याच खेळात होत असावा असे दिसते. दक्षिण स्पेनमध्ये बुस्तामान्ते व हिराल्दो ह्यांनी घारीच्या उड्डाणोत्तर अवलंबनाचा जो अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही उडू लागल्यानंतर काही आठवडे पिल्ले आईबापांच्याच अन्नावर राहतात, आणि त्या काळात त्यांचे उड्डाण-कौशल्य हळूहळू परिपक्व होते, असे आढळून आले. तेव्हा पंख फुटलेली पिल्ले पाठ फिरवून जातात ही तक्रार घारीच्या घरी लागू पडत नाही. जनाबाईंच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध अभंगात पिल्लाकडे झेपावणारी घार आली आहे. तेथे आईचे लक्ष पिल्लांवर आहे, पिल्लांच्या कृतघ्नतेचा शब्दही नाही. संतांचे निरीक्षण ह्या बाबतीत वाक्प्रचाराहून सरस ठरते.

ह्याच काळात घार माणसांवर येते. आमच्या गच्चीवर वाळवण घालण्यास गेलेल्या दोघी-तिघींच्या डोक्यावरून मादीने झडप मारली, एकीच्या केसांस नखे लागली, आणि घरटे काढून टाकावे असा अर्ज सोसायटीकडे गेला. दिल्लीतील घारींविषयी निशांत कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात जेथे माणसांची दाटी व माणसांकडून मिळणारे अन्न अधिक, तेथे घारी पिल्लांचे रक्षण अधिक धिटाईने करतात असे दिसून आले. माणसांच्या निकट राहून ती आपल्यास भिण्याचे सोडते. हा त्रास खोटा नाही. पण तो चार-सहा आठवड्यांचा आहे. गच्चीवर जाताना छत्री उघडून धरावी, एवढ्याने आमच्याकडे काम भागले. घरटे काढून टाकणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा होय, हे समजावून दिल्यावर अर्ज मागे घेण्यात आला.

आता ‘पडणे’ आणि ‘उतरणे’ ह्यांविषयी. दोन्ही अकर्मक क्रियापदे आहेत, दोन्हींत वरून खाली येणे आहे. भेद आहे तो कर्त्याच्या इच्छेचा. जो पडतो त्याच्यावर काहीतरी ओढवलेले असते. जो उतरतो तो स्वतः काहीतरी करीत असतो. म्हणून ‘पडला’ हे ऐकताच मराठी मनुष्य धावतो, आणि ‘उतरला’ हे ऐकून तो वाट देतो. त्यापुढे जाऊन ‘आईने टाकले’ असे कोणी म्हणाले, की मग पिल्लू घरी नेण्यास धर्माचेच अधिष्ठान मिळते. माणसाचा हात लागला तर आई पिल्लास घेत नाही, ही समजूतही निराधार आहे. निर्णय शब्दावरून न करता पिल्लाकडे पाहून करावा. अंगावर लवच अधिक असेल, पिसे अर्धवट असतील, तर ते खरोखर पडलेले आहे. त्यास घरट्यात, ते न साधल्यास त्याच झाडावर टोपलीत, परत ठेवावयास हवे. अंग पिसांनी भरलेले असेल, पाठीवर व डोक्यावर फिकट ठिपके-रेघा असतील, आणि ते दोन पायांवर ताठ उभे असेल, तर ते उतरलेले आहे. कुत्री व मुले दूर ठेवावीत, फार तर त्यास उचलून भिंतीवर किंवा फांदीवर बसवावे, आणि आपण निघून जावे. कारण आपण उभे असेपर्यंत आई खाली येत नाही. एक पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल, मांजा गुंतलेला असेल, तरच ते वनविभागाच्या किंवा जाणत्या पशुवैद्याच्या स्वाधीन करावे. दूध, पाव, भात ह्यांपैकी काहीही देऊ नये, आणि चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.

धाकटे पिल्लू २३ मार्चला उडाले, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी बागेतील नळाशी जमिनीवर आले. खेळणाऱ्या मुलांपैकी एकाने “पडलं, पडलं!” अशी आरोळी ठोकली, व दोघे जण खोका आणण्यास निघालेसुद्धा. प्रस्तुत लेखक जिना उतरून खाली पोहोचेपर्यंत भाजीवाल्या आजीबाई उठून मध्ये उभ्या राहिल्या होत्या. “परलं नाय रं, उतरलंय ता,” असे त्यांनी मुलांस बजावले, आणि आपली रिकामी पाटी कुत्र्याच्या दिशेने उगारली. मुले बाकावर जाऊन बसली. पिल्लू तासभर हलले नाही. मग ते चालत कुंपणाशी गेले, कुंपणावरून बाकाच्या पाठीवर, तेथून चाफ्याच्या खालच्या फांदीवर चढले. साडेपाचच्या सुमारास मादी पायात मासळीचा तुकडा घेऊन आली, झाडाभोवती दोनदा फिरली, व चाफ्यावरच उतरली.

त्या दोन पिल्लांस आईबापांकडून घास घेताना शेवटचे पाहिले ते १९ एप्रिलला. त्यानंतरही ती बागेवर दिसत; मोठे पिल्लू मे महिन्यात एकदा कोंबडीच्या दुकानामागे, इतर घारींच्या घोळक्यात, त्याच्या अंगावरील फिकट ठिपक्यांमुळे ओळखू आले. त्याच्या पायात आतड्याचा तुकडा होता, आणि तो उडता उडताच खाणे त्यास चांगले जमत होते.